सहलीआधीची पुस्तके आणि केसांच्या क्लिपने बंद केलेले पान

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक काळजी हमखास डोकावते. एखाद्या ऐतिहासिक स्थळी जायचे ठरलेले असते, खर्चही बराच होणार असतो, आणि मुलांना तिथले काहीच ठाऊक नसेल तर ती नुसते पडके दगड पाहून परत येतील या धास्तीने घरात पुस्तकांची रास येऊन पडते. मग कोणी सांगते की मूल वाचतच नाही, कोणी सांगते की वाचते पण घाबरते, आणि शेवटी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: आधी इतिहास वाचायला द्यावा की गोष्टी? पुस्तकनिवडीच्या या प्रश्नाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहते. एखाद्या घटनेने आपण जितके अस्वस्थ होतो, त्याहून अधिक त्या घटनेची जी गोष्ट आपण मनातल्या मनात स्वतःला सांगत राहतो तिने होतो, या विचारावर माझे काम उभे आहे. म्हणून मूल कोणते पुस्तक वाचते यापेक्षा त्या पुस्तकातून ते कोणती गोष्ट घेऊन उठते, हे मला आधी जाणून घ्यावेसे वाटते.

एका कुटुंबाच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे समोर आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा तिचा भाऊ असे चौघे इटलीला निघणार होते. रोम पाहायचे होते आणि तिथून पुढे पॉम्पेई हे प्राचीन रोमन शहर. सहलीचे ठरले तेव्हा मुलगी आनंदाने नाचली होती, पण पुस्तके घरी आल्यावर काही आठवड्यांतच ती "मला नाही यायचं" म्हणू लागली.

"मॅडम, एवढी पुस्तकं आणली, पण ही एकही पूर्ण करत नाही," आई म्हणाली. "रोज दहा पानं वाच म्हटलं की पोटात दुखतं. तिला इतिहासाचा कंटाळाच आहे बहुतेक."

"तिने अर्धवट सोडलेली पुस्तकं पुढच्या वेळी घेऊन याल का?" एवढेच मी विचारले.

त्या पुस्तकांत पॉम्पेईवरचे एक मोठे सचित्र पुस्तक होते आणि त्यातले एक पान मुलीने केसांच्या क्लिपने मागच्या पानाला जोडून बंद करून टाकले होते. क्लिप पानाच्या कडेला घट्ट बसवलेली होती. कंटाळलेले मूल पुस्तक मिटून बाजूला ठेवते. एकच पान इतक्या निगुतीने बंद करणारे मूल ते पान पुन्हा पुन्हा आठवत असते. पालकांना या क्लिपविषयी काही माहीत नव्हते. मुलगी एकटी माझ्यासमोर बसली तेव्हा मी ती काढली नाही. क्लिपवर बोट ठेवून मी विचारले, "इथे काय आहे, ते तू मला सांगशील? पान नाही उघडलं तरी चालेल."

"कुत्रा आहे," ती म्हणाली. "तो दगडाचा झाला. त्याला साखळी होती."

त्या पानावर होता पॉम्पेईतल्या कुत्र्याचा जगप्रसिद्ध साचा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गाडले गेले. राख घट्ट होत गेली, आतली शरीरे काळाच्या ओघात नष्ट झाली आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तेवढ्या उरल्या. १८६३ मध्ये उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतून माणसांचे आकार बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. साखळीने बांधलेल्या कुत्र्याचा साचा १८७४ मधला आहे. मुलीने वाचलेल्या गोष्टीच्या पुस्तकात मात्र 'सगळे दगडाचे झाले' असे एक वाक्य होते आणि तिथेच गोष्ट संपत होती.

तो दगड नसून नंतर ओतलेले प्लास्टर आहे, हे मी तिला समजावून सांगितले. तिने लक्ष देऊन ऐकले, पण तिचा खरा प्रश्न अजून बाहेर आला नव्हता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण साखळी सोडायला कुणी आलंच नाही ना?"

अशा क्षणी मोठ्या माणसाला विषय बदलण्याचा मोह होतो. मी म्हणाले, "नाही. त्याला सोडायला कुणी आलं नाही."

ती बराच वेळ गप्प होती. मग एका दमात म्हणाली, "मावशी, तो डोंगर अजून तिथेच आहे. आई बॅगा घेणार, बाबा पासपोर्ट बघणार. मग माझ्या भावाला कोण उचलणार? त्याला जोरात पळता येत नाही."

इतक्या आठवड्यांचे पोटदुखीचे कोडे या एका वाक्यात उलगडले. घरातले सगळे जिला इतिहासाचा कंटाळा म्हणत होते, ती एका नऊ वर्षांच्या बहिणीने मनातल्या मनात केलेली पळून जाण्याची तयारी होती, आणि त्या तयारीत धाकट्या भावाला उचलायला कोणी उरत नव्हते. हा क्षण मी अनेकदा आठवते. मुलाचा नकार ही खोड समजून मोडायला न जाता त्यामागचे म्हणणे ऐकायचे, या माझ्या पद्धतीवरचा विश्वास अशाच क्षणांनी घट्ट होत गेला आहे.

यापुढे मला जे उमगले तेच या लेखाचे निमित्त आहे. मुलगी घाबरली होती ती गोष्टीमुळे, आणि तिला धीर दिला तो इतिहासाने. पालक नेमके याच्या उलट गृहीत धरतात: गोष्ट कोवळी, इतिहास कठोर. पण गोष्टकाराला परिणाम साधायचा असतो, म्हणून तो सगळ्या शहराला एका वाक्यात दगड करून मोकळा होतो. चांगला इतिहास मात्र आधी काय झाले, मग काय झाले, किती वेळ लागला, कोण वाचले आणि हे आपल्याला कशावरून कळले, ते क्रमाने सांगतो. भीतीला असा क्रम मिळाला की मुलाला तिच्याकडे पाहता येऊ लागते.

पॉम्पेईवर आधी कित्येक तास हलक्या दगडांचा आणि राखेचा वर्षाव होत होता. शहराचा सर्वनाश करणारे तप्त लोट दुसऱ्या दिवशी सकाळी आले. म्हणजे बाहेर पडायला वेळ होता आणि पुष्कळ जण बाहेर पडलेही. शहराची लोकसंख्या साधारण १० ते १२ हजार असावी असा अंदाज केला जातो आणि आजवर सापडलेले मानवी अवशेष ११०० हून थोडे अधिक जणांचे आहेत. शहराचा बराच भाग अजून खणायचा आहे आणि वाटेत दगावलेलेही असतील, तरी आसपासच्या शहरांत पुन्हा संसार मांडलेल्या लोकांच्या खुणा अभ्यासकांना मिळाल्या आहेत. हे सगळे मी मुलीला तिच्या भाषेत सांगितले आणि पुढच्या भेटीत तिच्या आईबाबांसमोर धाकटा प्लिनी या रोमन लेखकाची हकिकत ठेवली.

धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि नेपल्सच्या उपसागराच्या पलीकडच्या टोकाला, मिसेनम येथे आई आणि मामाबरोबर राहत होता. मामा, म्हणजे थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख होता. मदतीचा निरोप आल्यावर तो जहाजे घेऊन लोकांना सोडवायला निघाला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. भाचा मात्र मामाने दिलेला अभ्यास करत घरीच थांबला होता. दुसऱ्या दिवशी अंधारून आले आणि लोक पळू लागले, तेव्हा आई त्याला म्हणाली की माझ्यामुळे तुझा वेग कमी होईल, तू एकटा पुढे जा. त्याने ऐकले नाही. आईचा हात धरून तो तिला आपल्याबरोबर चालवत राहिला. दोघेही वाचले, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने ही सारी हकिकत इतिहासकार टॅसिटसला पत्रांतून लिहून कळवली. उद्रेक डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे वर्णन आज आपल्या हाती आहे ते या पत्रांमुळेच.

"म्हणजे ज्यानं सांगितलं तो वाचला होता," मुलगी म्हणाली, आणि लगेच तिने वडिलांकडे पाहिले.

"त्याला मी उचलणार," बाबा म्हणाले. "पासपोर्ट माझ्या खिशात असतील. दोन्ही हात मोकळे असतील."

डोंगराबद्दलही आम्ही काही लपवले नाही. व्हेसुव्हियस अजून जागृत ज्वालामुखी मानला जातो, त्याचा शेवटचा उद्रेक १९४४ मध्ये झाला, आणि १८४१ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा त्याच्या हालचालींवर सतत लक्ष ठेवून असते. प्लिनीच्या काळातल्या लोकांकडे अशी कोणतीही सूचना देणारी व्यवस्था नव्हती, हा फरक मुलीला अचूक कळला. क्लिप तिनेच काढली.

असाच अनुभव घेतलेल्या अनेक घरांकडे पाहून पुस्तकनिवडीविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. इतिहासाचे पुस्तक आधी मोठ्यांनी वाचावे, आणि ते मुलाला पाठ करवून घेण्यासाठी न वाचता मुलाच्या प्रश्नाला खरे उत्तर देता यावे म्हणून वाचावे. पुस्तक घेताना प्रकाशनाचे वर्ष अवश्य पाहावे. पॉम्पेईच्या जुन्या पुस्तकांत उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट अशी ठामपणे दिलेली असते. २०१८ मध्ये तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला, त्यातली तारीख आपल्या गणनेने १७ ऑक्टोबर येते, आणि त्यामुळे उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला बळकटी मिळाली. साच्यांविषयीही तसेच झाले. सोन्याचे कडे घातलेली एक व्यक्ती आणि तिच्याजवळचे मूल यांना वर्षानुवर्षे आई आणि लेकरू म्हटले जात होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ती प्रौढ व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचे रक्ताचे नाते नसल्याचे दिसून आले. म्हणून जे पुस्तक 'असावे', 'असे दिसते', 'यावरून कळते' अशी भाषा वापरते त्यावर मी अधिक भरवसा ठेवते. मुलांनाही ही भाषा आवडते, कारण तिच्यात त्यांच्या तर्काला जागा असते.

गोष्टीचे पुस्तक निवडताना मी सर्वप्रथम शेवट वाचायला सांगते. त्या शेवटानंतर मूल एकटे झोपू शकेल का, याचा अंदाज पालकांइतका कोणालाच येत नाही. प्रत्येक चित्र मोठ्यांनी आधी पाहिलेले असावे, कारण मजकूर वाचायचा राहून जातो, चित्र राहत नाही. संकटाच्या वर्णनाने भरलेल्या गोष्टीपेक्षा संकटाआधीचा साधा दिवस दाखवणारी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पॉम्पेईच्या रस्त्यांत पादचाऱ्यांसाठी उंच दगड बसवलेले आहेत आणि गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. एका बेकरीच्या भट्टीत जळून कोळसा झालेले ८१ पाव सापडले. त्या दगडांवरून उड्या मारत पाव आणायला जाणारे एखादे मूल गोष्टीत भेटले असेल, तर प्रत्यक्ष रस्त्यावर उभे राहिल्यावर आपल्या मुलाला ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे होते.

भावंडांना एकच पुस्तक देऊ नये. या घरातल्या धाकट्यासाठी आम्ही रोमची लांडगीण आणि जुळे भाऊ ही दंतकथा निवडली, आणि ही दंतकथा आहे असे त्याला स्पष्ट सांगितले. त्या कथेत लांडगीण वाढवते त्या जुळ्यांपैकी रोम्युलसच्या हातून पुढे त्याचाच भाऊ रेमस मारला जातो. लहानग्यासाठी तेवढा भाग गाळायचा असेल तर थोरल्या बहिणीला विश्वासात घेऊन गाळावा, नाहीतर ऐन सहलीत गाइडच्या तोंडून तो ऐकू येतो.

जिथे दुःखाचा इतिहास अगदी जवळचा आहे तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. हिरोशिमाला जाणाऱ्या मुलांना सादाको सासाकीची गोष्ट बहुधा सांगितली जाते. किरणोत्सर्गामुळे झालेल्या रक्ताच्या कर्करोगाने ती १९५५ मध्ये बारा वर्षांची असताना गेली. हजार कागदी क्रौंच पक्षी घडवले की इच्छा पूर्ण होते या जपानी समजुतीने ती ते घडवत होती. हजार पुरे होण्याआधीच ती गेली असे गोष्टीच्या एका लोकप्रिय रूपात येते, पण तिच्या भावाच्या सांगण्याप्रमाणे तिने हजारांहून अधिक क्रौंच केले होते. दोन्ही रूपे मुलासमोर ठेवावीत. हजार पुरे करूनही ती वाचली नाही, हे सत्य जड आहे. पण हजार पूर्ण केले असते तर ती वाचली असती, ही समजूत आजारी माणूस घरात असलेल्या मुलासाठी कितीतरी अधिक जड ठरते.

वाचनाची वेळही महत्त्वाची आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवे पुस्तक उघडू नये. त्याआधीच्या आठवड्यांत रोज थोडेसे, मोठ्याने, सगळ्यांनी मिळून वाचावे आणि मुलाने विचारलेले प्रश्न एका वहीत उत्तर न लिहिता टिपून ठेवावेत. या मुलीच्या वहीत शेवटी एक प्रश्न होता: दारातला काळा कुत्रा अजून आहे का? पॉम्पेईतल्या एका घराच्या प्रवेशद्वाराशी 'कुत्र्यापासून सावध' असे लिहिलेले, साखळीतल्या काळ्या कुत्र्याचे मोझेक, म्हणजे लहान तुकडे जोडून केलेले चित्र आहे. तिने ते स्वतः शोधून काढले आणि धाकट्या भावाला दाखवले, असे आईने नंतर कळवले. स्थळावर असताना पालकांनी तिची कोणतीही परीक्षा घेतली नाही, याचे श्रेय मी त्यांना मनापासून देते.

मूल काहीच वाचायला तयार नसेल तर काय करावे, असे काही पालक विचारतात. मग त्याच्यासाठी पुस्तके विकत घेणे थांबवावे, स्वतः एक चांगले पुस्तक वाचावे आणि रात्री जेवताना त्यातल्या एखाद्याच माणसाविषयी बोलावे. परत आल्यावर तेच पुस्तक टेबलावर ठेवून द्यावे, कारण जागा पाहून आलेले मूल कित्येकदा तेव्हाच ते आपणहून उघडते.