घामामुळे आईचा फेंटानिलचा पॅच वारंवार सुटत असल्यास काय करावे?
तुमच्या आईंना कर्करोगाच्या वेदनांसाठी दिलेला फेंटानिल या तीव्र वेदनाशामक औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच घामाने मुदतीआधीच सुटतो, याचे कारण पुष्कळदा लावण्यापूर्वीच्या तयारीत असते. त्वचेवर तेल, लोशन किंवा साबणाचा अंश राहिला की गोंद धरत नाही. म्हणून छातीचा वरचा भाग, पाठ किंवा दंड नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा, केस असल्यास वस्तरा न फिरवता कात्रीने कापावेत आणि पॅच तळहाताने किमान ३० सेकंद, कडांसह, दाबून धरावा. कड उचलली गेल्यास तेवढ्याच भागावर वैद्यकीय चिकटपट्टी लावावी. पूर्ण निघालेला पॅच पुन्हा चिकटवू नये. नवा पॅच दुसऱ्या जागी लावून त्याची ७२ तासांची मुदत तेव्हापासून मोजावी. नीट चिकटावा म्हणून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवणे (हा उपाय अनेकांना सुचतो) घातक आहे, कारण उष्णतेने औषध वेगाने शरीरात जाऊन श्वास मंदावू शकतो. वापरलेल्या पॅचमध्येही बरेच औषध उरते. अंथरुणात गळालेला पॅच शेजारी झोपलेल्या लहान मुलाला चिकटल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे पॅच जागेवर आहे का हे रोज पाहावे आणि काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून डॉक्टरांच्या सूचनेनुसार लगेच नष्ट करावा.