बीएससी बॉटनी झालंय. औषधी वनस्पती आणि त्यांचा इतिहास, दोन्ही घेऊन पीजी करायचंय. प्लॅनिंग कसं करू?

आधीच सांगतो, दोन्ही मिळून एकच रेडीमेड डिग्री शोधत बसू नका, मी त्यात अख्खं वर्ष घालवलंय. आपल्याकडे कुठलं दार उघडणार ते बॅचलर्सवर ठरतं. द्रव्यगुण म्हणजे आयुर्वेदातलं औषधी द्रव्यांचं शास्त्र, त्यात एमडी करायचं तर बीएएमएस लागतं, फार्माकॉग्नसीत, म्हणजे वनस्पतींपासूनच्या औषधांच्या अभ्यासात, एमफार्म करायचं तर बीफार्म. म्हणजे बॉटनीवाल्यांना दोन्हीकडे नो एंट्री. राहिलं एमएससी बॉटनी, ते करा, पण टॅक्सॉनॉमी (वनस्पतींची ओळख आणि वर्गीकरण) किंवा फायटोकेमिस्ट्री (वनस्पतींमधली रसायनं) स्पेशल मिळेल तिथेच करा आणि इतिहास बाजूने चालू ठेवा.

बाजूने म्हणजे कसं, तर २०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीये, त्यामुळे एमएससी रेग्युलर आणि एमए संस्कृत डिस्टन्सने असं जमू शकतं. फक्त दोन्ही विद्यापीठांचे नियम आधी वाचा, पेपर एकाच दिवशी आले की कुणी ऐकून घेत नाही. मी एमए नाही केलं, मोडी शिकलो. वैद्यांची जुनी बाडं मोडीत सापडतात आणि ती वाचणारी माणसं कमी, त्यात बॉटनी येणारी तर अगदीच कमी.

दोन्ही का लागतं ते मला प्रोजेक्टमधे कळलं. अशोकाची साल घेतली होती, तीन वेगवेगळ्या काष्ठौषधीवाल्यांकडून. औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, शेंदरी फुलांचे घोस येतात तो, आणि सोसायटीच्या कंपाउंडला सरळसोट उभा असतो तो आसूपालव, खोटा अशोक, त्याचं फॅमिलीसुद्धा वेगळं. सालीचे तुकडे शेजारी ठेवले तर मला काही कळेना, पण टीएलसी प्लेटवर, म्हणजे अर्कातली रसायनं वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या चाचणीत, एका दुकानाच्या सालीचे ठिपके अस्सल सॅम्पलशी जुळेचनात. इथे लॅबने काम भागलं. पण शंखपुष्पी घ्या, कुणी विष्णुक्रांता दाखवतं, केरळात गोकर्ण वापरतात, उत्तरेकडे आणखी तिसरीच. आता जुन्या ग्रंथात लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर यातली कुठली होती हे प्लेट नाही सांगणार, तिथे श्लोक, टीका आणि कुठल्या भागात काय उगवतं हे सगळं बघावं लागतं. माझ्या मते तुमचा विषय तो हाच.

इतिहासाची बाजू कोरडी वाटत असेल तर गोव्यापासून सुरुवात करा. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर १५३४ मधे आला, आणि इथल्या औषधांवरचं त्याचं पुस्तक १५६३ मधे गोव्यातच छापलं गेलं, तेही लॅटिनमधे नाही तर पोर्तुगीजमधे, दोघांच्या गप्पा असाव्यात तसं. (मेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, तो वेगळाच विषय.) नंतर 'हॉर्टस मलबारिकस', मलबारच्या वनस्पतींवरचा डचांनी काढलेला सचित्र ग्रंथ, १६७८ ते १६९३, १२ खंड, छापला ॲमस्टरडॅमला. त्याच्या कामात केरळच्या इट्टी अच्युदन वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी पंडित होते, आणि चित्रांवर झाडांची नावं नागरीतसुद्धा आहेत. ती पानं स्कॅनमधे बघताना आपली लिपी दिसली की मजा येते राव.

गाव निवडायचं तर मी पुणे म्हणेन, कॉलेजच्या नावासाठी नाही. बीएसआयचं (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) वेस्टर्न रीजनल सेंटर आणि आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम, म्हणजे वाळवून शीटवर लावलेल्या वनस्पतींचा संग्रह, एका बाजूला, भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतली हस्तलिखितं दुसऱ्या बाजूला, सकाळी शीट बघून दुपारी पोथी बघता येते. दोन्हीकडे जाताना गाइडचं पत्र न्या, नाहीतर गेटवरूनच परत.

आणि एक विचारायचं राहिलं, दहावीला संस्कृत होतं का? मार्कांसाठी पाठ केलेलं असलं तरी चालेल, 'देव' चालवता येत असेल तर आत्तापासूनच परत काढा, ॲडमिशनची वाट बघू नका.