मुलगी स्क्रीनवर दुसरीच कोणीतरी असते, काळजी करायची का?

"मॅडम, तिनं स्वतःचा एक फोटो टाकलेला नाहीये कुठं. सगळीकडे ते पांढऱ्या केसांचं, शिंगं असलेलं काहीतरी, मुलगा आहे की मुलगी तेही कळत नाही, आणि लोक तिला त्याच नावानं हाक मारतात. हिला दोन पर्सनॅलिटी तर नाहीत ना?"

एकोणीस वर्षांच्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. शब्द बदलतात पण हीच काळजी घेऊन बरेच पालक येतात, कुणाचा मुलगा गेममधल्या अवतारात रमलेला असतो, कुणाची मुलगी दिवसभर टॅबलेटवर चेहरे काढत बसते आणि त्यातला एकही तिच्यासारखा नसतो. म्हणून ही केस लिहितेय, मुलीची आणि आईची परवानगी घेऊन, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. आणखी एक, मी समुपदेशक आहे, आर्ट थेरपिस्ट नाही, त्याचं वेगळं शिक्षण असतं. मी सेशनमध्ये चित्रं, चिकटकाम वगैरे वापरते ते बोलायला सोपं जावं म्हणून.

आधी त्या दोन पर्सनॅलिटीचं. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर नावाचा आजार खरा आहे, पण त्यात माणसाला मधल्या मधल्या काळाचं आठवतच नाही, रोजच्या साध्या गोष्टी, आपण काय बोललो, कुठं गेलो हे पुसलं जातं, आणि हे कुणी ठरवून करत नाही, बऱ्याचदा मागे लहानपणीचा मोठा आघात असतो. एखादं कॅरेक्टर विचार करून बनवणं, त्याला नाव देणं, त्याची गोष्ट लिहिणं, आणि "आता जेवायला ये" म्हटल्यावर कुरकुरत का होईना उठून येणं, याचा त्या आजाराशी संबंध नाही. चित्रं काढणाऱ्या मुलांमध्ये याला सरळ ओसी म्हणतात, ओरिजिनल कॅरेक्टर, आणि बहुतेकांची दोन-चार तरी असतात.

आईंना मी रेम्ब्रांटबद्दल सांगितलं. सतराव्या शतकातला डच चित्रकार, त्यानं स्वतःला जवळपास 80 वेळा काढलंय, कधी भारी टोप्या-झगे घालून, कधी तोंड वेडंवाकडं करून, आणि 1661 मध्ये तर स्वतःला सेंट पॉल म्हणून रंगवलं. आपल्याकडे अमृता शेरगिलनं 1934 मध्ये स्वतःला ताहितीची स्त्री म्हणून काढलं. अमेरिकन फोटोग्राफर सिंडी शर्मन 1977 पासून विग आणि मेकअप करून स्वतःचेच फोटो काढत आलीये आणि ती म्हणते की ती सेल्फ पोर्ट्रेट नाहीतच. आई म्हणाल्या, "ते मोठे कलाकार हो, ही कॉमर्सला आहे." मला हसू आलं पण त्यांचा मुद्दा मनात राहिला, कारण खरी भानगड पुढं तिथंच निघाली.

आईंचा दुसरा प्रश्न होता, "काळा रंगच वापरते, म्हणजे डिप्रेशन का?" तर नाही, असं चित्रावरून निदान होत नसतं. माणसाचं चित्र काढायला लावून स्वभाव ओळखायची पद्धत 1949 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरेन मॅकओव्हरनं मांडली, ती खूप चालली, पण मोठे डोळे म्हणजे संशयी, हात नाहीत म्हणजे असहाय, असले ठोकताळे नंतरच्या अभ्यासात टिकले नाहीत. मोबाइलवर "तुमचं मूल काय काढतं त्यावरून त्याचं मन ओळखा" टाइप व्हिडिओ फिरतात ते बघून कृपया घरात पोलीस तपास सुरू करू नका. काळा रंग का, हे मी मुलीलाच विचारलं. म्हणाली, "मॅम, लाइनआर्ट, म्हणजे नुसत्या रेघांचं चित्र, काळंच असतं. कलर करायचा कंटाळा येतो."

ती स्वतः पहिल्यांदा आली तेव्हा टॅबलेट छातीशी धरून बसली होती. मी म्हटलं, तुझ्याबद्दल नको, त्याच्याबद्दल सांग, त्या शिंगवाल्याबद्दल. मग जी सुरू झाली ती थांबेचना. तो कुणाचं ऐकत नाही. त्याला कुणी दोनदा तोच प्रश्न विचारला तर तो निघून जातो. त्याची शिंगं आधी छोटी होती, मग ज्या ज्या वेळी त्यानं नाही म्हटलं त्या त्या वेळी वाढली (हे तिनं लिहिलेल्या गोष्टीत आहे, मला फार आवडलं). मी विचारलं, तू नाही म्हणतेस का? तर गप्प. मग तिनं तिच्या पेजवरचे मेसेज दाखवले. कुणीतरी फुकटात चित्र मागत होतं, तीन-तीनदा, आणि हिनं उत्तर दिलेलं, "नाही. परत विचारू नका." एवढंच, सॉरी नाही की स्मायली नाही. हीच मुलगी घरी काकूनं लग्नाच्या कार्यक्रमात नाचायला सांगितलं तर पोट दुखतंय म्हणून खोलीत जाऊन बसते, तिला नाही म्हणता येत नाही.

यात नवल नाहीये. 2007 मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी यावर प्रयोग केले होते. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत ज्यांना उंच अवतार दिला ते पैशाच्या वाटाघाटीत जास्त ताणून धरत होते, ज्यांना देखणा अवतार दिला ते समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभे राहत होते आणि स्वतःबद्दल जास्त बोलत होते. म्हणजे मुखवटा घातला की माणूस खोटं वागतो हे आपण धरून चालतो ते अर्धवट आहे, मुखवट्यात कधीकधी तो अशी गोष्ट करून बघतो जी त्याला जमते पण करायची सवय नसते. त्या मुलीचा "नाही" तिचाच होता.

मग आम्ही कागदावर आलो. मुद्दाम, कारण टॅबलेटवर तिचा हात इतका सराईत होता की विचार करायच्या आत चित्र तयार. मी साधा कागद आणि कोळशाची कांडी दिली आणि म्हटलं काहीही काढ. तिनं एक रेघ ओढली, आवडली नाही, आणि दोन बोटं कागदावर टकटक केली. मग स्वतःच जोरात हसली. ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये दोन बोटं टेकवली की आधीची रेघ पुसली जाते, त्याला अनडू म्हणतात, सवय झाली होती हाताला. "मॅम, याला अनडू नाहीये," म्हणाली, आणि त्यानंतर चांगला वेळ काहीच काढलं नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि इथं मी दोन्ही बाजूच्या लोकांशी भांडते. काहींना वाटतं कागद-रंग म्हणजे खरी कला आणि स्क्रीन म्हणजे टाइमपास, काहींना वाटतं आता कागदाचं काय काम. ओळख शोधण्याच्या कामात दोन्ही वेगळं वेगळं देतात. स्क्रीनवर करून बघता येतं, केस पांढरे करा, निळे करा, लेयर बंद करा, काही बिघडत नाही, नुकसान नाही, म्हणून हिंमत होते. कागदावर आणि मातीत केलेलं राहतं, हाताला लागतं, चुकलं तर चुकलेलं समोर असतं आणि त्याच्यासोबत पुढं जावं लागतं. परफेक्शनचं भूत बसलेल्या मुलांना हे कागदाचं फार जड जातं, म्हणून त्यांना आधी चित्र नाहीच द्यायचं, जुनी मासिकं फाडून चिकटवायला द्यायची, कारण त्यात "मला नीट काढता येत नाही" हा प्रश्नच येत नाही.

तिच्यासोबत नंतर पुठ्ठ्याचा मुखवटा केला, हा व्यायाम बरेच जण वापरतात, बाहेरच्या बाजूला लोकांना तू कशी दिसतेस, आतल्या बाजूला तुला तू कशी माहितीयेस. बाहेरची बाजू झटपट झाली, शांत, गोड, हुशार, सगळं गुलाबी. आत तिनं तो शिंगवाला काढायला घेतला, मला वाटलंच होतं. पण अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, "हा पण नको." मी विचारलं का, तर म्हणाली, "हा पण त्यांचाच झालाय."

हळूहळू उलगडलं ते असं. सुरुवातीला तिची खूप कॅरेक्टर्स होती, एक म्हातारी बाई होती, एक जाडा गवळी होता, एक नुसताच ढग होता. शिंगवाल्याला लाइक्स मिळाले, मग लोक मागायला लागले की तोच काढ, दुसरं काही टाकलं की "हे काय, तो कुठंय?" आणि मग ती गेलं वर्षभर फक्त त्यालाच काढत होती. तिनं मला टाइमलॅप्स दाखवले, काही अ‍ॅप आपोआप सगळं रेकॉर्ड करतात, पहिल्या रेघेपासून. त्यात दिसत होतं की बऱ्याच चित्रांत ती आधी वेगळाच कुणीतरी काढायला घ्यायची, गोल चेहरा, चष्मा, आणि मग पुसून त्यावर शिंगं. ते बघताना मी काही अर्थ सांगितला नाही. तिनंच व्हिडिओ मागे नेऊन परत बघितला, दोनदा.

जेम्स मार्शिया नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये ओळखीच्या चार अवस्था मांडल्या होत्या, एरिक एरिक्सन या आधीच्या मानसशास्त्रज्ञाच्या कामावरून. त्यातली एक अशी की माणसानं स्वतः काही शोधलेलं नसतं पण ठरवून मोकळा झालेला असतो, म्हणजे आई-वडिलांनी किंवा कुणीतरी सांगितलं ते घेतलं, अंगावर चढवलं आणि चालू पडला. आणि दुसरी अवस्था शोधाशोधीची, जिथं काहीच ठरत नाही, रोज वेगळं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं वाया गेलं. घरी ही मुलगी पहिल्या अवस्थेत होती, कॉमर्स कुणी निवडलं तर बाबांनी. आणि आई ज्याला घाबरत होत्या त्या ऑनलाइन जगातही तेच झालं होतं, फक्त तिथं बाबांऐवजी फॉलोअर्स. दोन्हीकडे ती दुसऱ्यांना आवडणारी होती. त्यामुळं "यातली खरी कोणती" हा आईंचा प्रश्न सोडून आम्ही असा प्रश्न घेतला की हिला बदलून बघायला, वाईट काढायला, अर्धवट सोडायला कुणी न बघणारी जागा कुठं आहे. तर नव्हतीच.

मग दोन गोष्टी ठरल्या. एक वही, जी कुणालाच दाखवायची नाही, मलासुद्धा नाही, आणि टॅबलेटमध्ये एक फोल्डर जे पोस्ट करायचं नाही. ऐकायला किरकोळ वाटतं पण तिला पहिले काही दिवस त्या वहीत काही सुचेचना, "कुणी बघणार नसेल तर कशाला काढायचं" असं म्हणाली, आणि हे ती स्वतः बोलली याचा मला फार उपयोग झाला. दुसरं, नाही म्हणायचा सराव. घरात काही नको असेल तर आधी शिंगवाल्यानं काय उत्तर दिलं असतं ते वहीत लिहायचं, मग त्यातला उद्धटपणा काढून आपल्या तोंडी बसेल असं करायचं. पहिलं वाक्य तयार झालं ते "काकू, मला नाचायला आवडत नाही, मी फोटो काढते." काकूंनी ते लगेच मान्य केलं म्हणे, पोटदुखीची इतकी वर्षं उगाच गेली.

आईंचं काम जास्त अवघड होतं. वही समोर टेबलावर पडलेली आणि उघडायची नाही. त्यांनी मला विचारलं, मग मी बोलू तरी काय? मी म्हटलं, ताई, "हे तू आहेस का?" आणि "हे असलं का काढतेस?" हे दोन प्रश्न बंद करा. त्याऐवजी हे केस कसे केलेस, किती वेळ लागला, याला कशाची भीती वाटते, असं विचारा, आणि उत्तर नाही आलं तर सोडून द्या. आणि तिचं चित्र तिला न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, कौतुकानं सुद्धा नको. यावर त्या जरा नाराज झाल्या.

काळजी कधी करायची तेही सांगते, कारण सगळंच "वय आहे, होतं" म्हणून सोडायचं नसतं. झोप आणि खाणं बिघडलं, मित्रमैत्रिणी तुटल्या, आधी आवडणारं चित्र काढणंच बंद पडलं, मधल्या काळातलं आठवत नाही असं मूल सांगायला लागलं, किंवा चित्रांत, लिहिण्यात स्वतःला इजा करायच्या, मरायच्या गोष्टी येताहेत तर थांबू नका, शांतपणे थेट विचारा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्या. थेट विचारल्यानं डोक्यात नसलेली कल्पना येते हा गैरसमज आहे. आणि ऑनलाइन कुणी अनोळखी माणूस चेहऱ्याचा फोटो मागतोय, "आपलं हे घरी सांगू नको" म्हणतोय, तर तो प्रश्न कलेचा किंवा ओळखीचा नाही, सुरक्षेचा आहे, तिथं पालकांनी मध्ये पडलंच पाहिजे.

मुलीचं म्हणाल तर पेज चालू आहे. शिंगवाला कधीकधी येतो, जाडा गवळी परत आलाय, त्यामुळं फॉलोअर्स थोडे कमी झाले, आणि त्याचं तिला वाईट वाटतं, तसं ती सरळ सांगते. मुखवटा अर्धवटच आहे, आतल्या बाजूला एकदा निळा लावला होता, तो नको म्हणून वर पांढरा मारला, पण पांढरा पातळ झाला आणि निळा दिसतोय. यात मी काहीतरी खोल अर्थ शोधेन असं तिला वाटलं म्हणून तिनं आधीच सांगून टाकलं, "मॅम, रंगात पाणी जास्त झालंय फक्त." कॉमर्स पूर्ण करायचं की सोडायचं यावरून घरात अजून वाद आहेच. पुढच्या सेशनला तिघं येणार आहेत, बाबा पहिल्यांदाच.