डोळे मिटून मारलेले टोमणे

"ताई, आमची मुलगी चर्चला यायची बंद झाली. तिचा विश्वास गेला का हो?"

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. मूल बहुधा बारावीच्या पुढचं, दृढीकरण (चर्चचं पूर्ण सभासद होण्याचा विधी) होऊन दोन-तीन वर्षं झालेलं. विचारते आई. वडील शेजारी बसून घड्याळाकडे बघत असतात, कारण त्यांच्या मते यात विचारण्यासारखं काही नसतं, पोरीला दम दिला की झालं.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे जोडपंही असंच बसलं होतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) वडील हायस्कुलात शिक्षक आणि मंडळीचे, म्हणजे गावातल्या चर्चचे, अकरा वर्षांपासूनचे खजिनदार. आई महिला मंडळात. घर जुन्या मिशन कंपाउंडाला लागून, म्हणजे उपासनेची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येणार. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणी संडे स्कूलची सगळी वचनं तोंडपाठ, पुढे गायकवर्गात, मग स्वतःच संडे स्कूलची शिक्षिका. आधी तिने पहिल्या रविवारचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि प्याला, घ्यायचं सोडलं. बाकीचे पुढे जायचे, ही बाकावर बसून राहायची. पुढे चार महिन्यांत रविवारची उपासनाही सुटली.

"लोक विचारतात," वडील म्हणाले. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. "मॅडम, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात काय आहे, तुम्हाला माहीतच आहे. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार? मिटिंगमध्ये एकाने मला तोंडावर ऐकवलं."

म्हणजे चिंता मुलीच्या आत्म्याची होती तशी खुर्चीचीही होती. यात मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, मुलगी आहे. रविवारी आमच्या वेण्यासुद्धा मंडळीच्या मालकीच्या असायच्या.

मुलीला मी एकटीला भेटले. अशा वेळी देवाधर्माचं बोलणं मी आधी काढत नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, कॉलेजला जातेस का, मैत्रिणी आहेत का, जगणं नकोसं वाटतं का, हे पहिल्यांदा. त्यानंतर एक प्रश्न सरळ विचारते: चर्चमध्ये कुणी तुझ्याशी वाईट वागलंय का, हात लावलाय का? आईबापांनो, हा प्रश्न तुम्हीही विचारा, आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा. मूल अचानक एखाद्या जागेला जायचं टाळतं तेव्हा 'विश्वास गेला' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. कधी ते नैराश्य असतं, कधी त्या जागेतच काही घडलेलं असतं, आणि तेव्हा वाट वेगळी धरावी लागते.

इथे तसं काही नव्हतं. ती खळखळून बोलणारी, तल्लख मुलगी होती. प्रभुभोजन का घेत नाहीस, विचारलं तर म्हणाली, "कारण मी ते सिरियसली घेते."

करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय तिने मला उलगडून सांगितला. माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी, मग भाकर खावी आणि प्याला प्यावा. "मी परीक्षा केली ताई. मला त्या काकांचा राग येतो. माझं आणि त्यांचं काहीच नाही, पण आमच्या घरी त्यांचा राग येणं हे जेवणाबरोबर वाढतात."

ते 'काका' म्हणजे चर्चच्या कारभारातल्या विरोधी गटाचे, दुसऱ्या पॅनलचे. मंडळीत विश्वस्तांवरून वाद होता आणि तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पोहोचला होता. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो कुणी दिला, कुणी हरकत घेतली, पुढची तारीख कधी, हे या मुलीला आठवीपासून पाठ. रात्री ताटावर बसलं की तोच विषय. कोण कुणाला फितलं, कुणाच्या मुलाचं लग्न कसं मोडलं, कसा देवाने त्याला धडा शिकवला. रविवारी सकाळी मात्र दारात उभं राहून त्याच काकांना हात पुढे करून, "सलाम, सलाम!"

"आणि तेही तसंच करत असणार," ती म्हणाली. "त्यांच्या मुलीला मी विचारलं. त्यांच्या घरी जेवताना आमचं नाव निघतं."

दोन्ही घरांतल्या मुली एकाच संडे स्कूलमध्ये शिकवत होत्या. विषय: शेजाऱ्यावर प्रीती.

पण तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते आणखी वेगळंच, आणि ते बाहेर यायला तिसरी भेट उजाडली. तिच्या घरी रोज रात्री प्रार्थना होते. एक पद, एक अध्याय, मग वडील प्रार्थना करतात. मुलगी चर्चला यायची थांबल्यापासून त्या प्रार्थनेत तिची जागा वाढत गेली होती. "प्रभो, या घरात ज्यांचं मन कठीण झालंय त्यांना नमव. शिक्षणाचा गर्व ज्यांना झालाय त्यांचे डोळे उघड."

"डोळे माझेच मिटलेले असतात," ती म्हणाली. "उत्तर कसं देणार? प्रार्थनेत मध्येच बोलता येत नाही ना."

हा प्रकार आमच्या ख्रिस्ती घरांत फार आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सासू सुनेला जे तोंडावर बोलू शकत नाही ते प्रभूला सांगते, सुनेच्या शेजारी गुडघे टेकून. नवरा बायकोच्या खर्चाबद्दल 'सुबुद्धी' मागतो. मी याला टोमणेप्रार्थना म्हणते. साध्या भांडणात समोरच्याला निदान भांडता तरी येतं. इथे देवालाच वकील करून उभं केलेलं असतं आणि आरोपीने शेवटी 'आमेन' म्हणायचं असतं. अशा घरातल्या मुलाने देवाशी बोलणं टाकलं तर मला नवल वाटत नाही. त्याला देवाचा आवाज बापासारखा ऐकू यायला लागलेला असतो.

वडिलांना हे सांगून पटलं नसतं. म्हणून मी त्यांना काम दिलं. घरी जाऊन काल रात्रीची प्रार्थना आठवेल तशी कागदावर लिहून आणा. शिक्षक माणूस, दीड पान सुवाच्य अक्षरात लिहून आणलं. म्हटलं, आता वाचा आणि जे वाक्य खरं म्हणजे देवासाठी नसून घरातल्या कुणासाठी होतं त्याखाली रेघ मारा. त्यांनी पेन काढलं. पहिल्या परिच्छेदात रेघ नव्हती. दुसऱ्यात एक. त्यानंतर रेघा ओढत गेले ते शेवटपर्यंत.

कागद घडी करून खिशात ठेवला आणि थोडं चिडून म्हणाले, "मग काय, प्रार्थनाच करायची नाही?"

करायची की. फक्त एक महिना एवढं पाळायचं: जे त्या माणसाला डोळे उघडे ठेवून सांगता येत नाही, ते त्याच्यादेखत देवाला सांगायचं नाही. मुलीबद्दल देवाशी खुशाल बोला, पण एकट्याने, खोलीचं दार लावून. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने तसंच सांगितलंय. आणि घरच्या प्रार्थनेत प्रत्येकाने एकेक वाक्य म्हणायचं, नको असेल तर गप्प बसायचं. गप्प बसणाऱ्याला का म्हणून विचारायचं नाही.

दुसरी अट ताटाची. जेवताना मंडळीचं राजकारण नाही. तारखेचा फोन आला तर अंगणात जाऊन बोलायचं.

ते इफिसकरांचं सहावं प्रकरण काढणार हे मला माहीत होतं, आणि त्यांनी काढलंच: मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं. मी म्हटलं, सर, चौथं वचनही वाचा. बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. त्यांनी वाचलं नाही, पण पाठ होतं, हे चेहऱ्यावर दिसलं. हे सर ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची पदं फार गोड म्हणतात. म्हणून एवढंच विचारलं: टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लगेच घेतला का? मध्ये वर्षं गेली. बाईंना स्वतःला पटलं तेव्हाच त्यांनी घेतला. सर म्हणाले, "टिळक वेगळे." म्हटलं, असतील, पण लक्ष्मीबाईसुद्धा काही कमी ठाम नव्हत्या.

या सगळ्यात आई कुठे होती? निरोप पोचवण्यात. "पप्पांसाठी तरी ये", "पप्पांना सांगते तुझं डोकं दुखतंय". तिला मी निरोप बंद करायला सांगितलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "ताई, पंचवीस वर्षांत घरच्या प्रार्थनेत माझं फक्त आमेन असतं." नवरा तिच्याकडे बघत राहिला. महिला मंडळात ही बाई दहा मिनिटं उत्तम प्रार्थना करते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या कानावर ती कधी पडली नव्हती, एवढंच.

पाळकसाहेबांबद्दलही सांगायला हवं, कारण घाबरलेले आईबाप पहिल्यांदा पाळकांना बोलावतात आणि मुलाला समोर बसवतात. तसं करू नका. मुलाची संमती नसेल तर ती भेट म्हणजे चौकशीच होते. या घरी पाळक आले ते शहाणे निघाले. चहा घेतला, कॉलेजची चौकशी केली, तिच्याबरोबर कुत्र्याला बिस्किटं घातली आणि चर्चचा 'च'ही न काढता गेले. मुलगी मला म्हणाली, "एवढं भारी प्रवचन मी ऐकलं नव्हतं."

तिघांची एकत्र बैठक झाली त्या दिवशी मुलीने वडिलांना एकच गोष्ट विचारली. "पप्पा, दानार्पण तुम्ही मोजता. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असं लिहिलंय ना? मग दर रविवारी तुम्ही नक्की काय मोजता?"

मी मध्ये पडले नाही. खोलीतला पंखा फार मोठ्याने फिरत होता. सर बऱ्याच वेळाने म्हणाले, "केस मागे घेणं माझ्या एकट्याच्या हातात नाही." ते खरंच होतं. मुलगी म्हणाली, "केसचं नाही विचारलं."

पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर खोटं ठरेल. केस चालूच आहे. एका संध्याकाळी सर त्या काकांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. हे त्यांनीच मला सांगितलं, जरा ओशाळून. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा कुत्रं भुंकल्यामुळे परतता आलं नाही. चहा घ्यावा लागला. बोलणं झालं पाण्याच्या टंचाईवर. ताटावरची अट दोनदा मोडली, दोन्ही वेळा आईनेच आमटीचा डाव आपटून थांबवली. घरच्या प्रार्थनेत मुलगी दीड महिना गप्प बसली. मग एके रात्री तिने उद्याच्या प्रॅक्टिकलसाठी एक वाक्य म्हटलं, आणि त्यावर कुणीही काही बोललं नाही, जे या घरासाठी सोपं नव्हतं.

उपासनेला ती अजून नेमाने जात नाही. हंगामाच्या सणाला गेली, तीही उपासना संपल्यावर, लिलावाच्या वेळेला. लोकांनी अर्पण म्हणून आणलेलं धान्य, कोंबड्या, भाजी मांडलेली असते आणि बोली लागते. आमच्याकडे हा भाग कुणी चुकवत नाही. रात्री तिचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. काकांनी शेतातला एक अवाढव्य भोपळा आणला होता. बोली पप्पांनी सुरू केली. दुसरं पॅनल ईर्ष्येने चढत गेलं, पप्पाही थांबेनात, आणि शेवटी तो भोपळा त्यांच्याच गळ्यात पडला.

"ताई, साडेचारशे रुपयांना! मम्मी म्हणते, आता आठवडाभर घारगे. आणि पप्पांनी मलाच सांगितलंय, निम्मे त्यांच्याकडे नेऊन दे."

"मग, नेणार?"

"बघू," ती म्हणाली. "आधी भोपळा कापायचा कसा ते बघतोय आम्ही."