तो लाकडी पॅटर्न भंगारात द्यायला नको होता

प्रश्न : मी यंत्र अभियंता आहे, सध्या व्यवस्थापनात काम करतो. मुलाला बारावीला 68 टक्के मिळाले. आमच्या एका परिचितांकडे 1950 च्या आसपासची ब्रिटिश रेसिंग कार आहे. तिच्या इंजिनाचे भाग आता कुठेही मिळत नाहीत. मुलगा दिवसदिवस त्यांच्या शेडमध्ये असतो. 'असे भाग नव्यानं बनवणं हेच माझं करिअर' म्हणतो आणि कॉलेज सोडून तिथेच राबायचं म्हणतो. रागाच्या भरात मी त्याचं सामान भंगारात दिलं. आधी काढलेला फोटो सोबत पाठवतो, म्हणजे काय उद्योग चाललेत ते कळेल. थ्रीडी प्रिंटिंगमुळे हे काम पाच वर्षांत संपणार, हे त्याला पटत नाही. लोकांना काय सांगू, मुलगा लेथवर काम करतो म्हणून? परीक्षा पुन्हा द्यायला लावू की सरळ कॉम्प्युटरला घालू?
— एक वडील

उत्तर : नमस्कार. फोटो मी मोठा करून पाहिला. थर्मोस्टॅटच्या (इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणाऱ्या झडपेच्या) आवरणाचा लाकडी पॅटर्न आहे, म्हणजे वाळूत दाबून साचा करायचा नमुना. कडेला पेन्सिलीनं 120 लिहिलंय, पुढे बाण, मग 121.6. खाली 'फ्लॅन्ज +3', फ्लॅन्ज म्हणजे भाग जोडायची सपाट कड. ॲल्युमिनियम ओतल्यावर थंड होताना साधारण 1.3 टक्के आकसतं, म्हणून 120 मिलिमीटरचा भाग हवा तर पॅटर्न 121.6 चा करावा लागतो. वरचे 3 मिलिमीटर मशीनिंगसाठी, म्हणजे ओतल्यावर यंत्रावर कापून नेमकं माप आणण्यासाठी राखलेले. बाजूंना किंचित उतार दिलाय, पॅटर्न उचलताना वाळू ढासळू नये म्हणून. 18 वर्षांच्या मुलानं हे कुणीही न सांगता शोधून, समजून घेऊन केलं. तुम्ही यंत्र अभियंता आहात. हे आकडे माझ्याआधी तुम्हाला दिसायला हवे होते.

मला काळजी वाटली ती त्याच्या टक्क्यांची नाही. तुमच्या मूळ पत्रात (इथे ते थोडक्यात छापलंय) टक्क्यांवर एकच वाक्य आहे आणि लोकांना काय सांगायचं यावर सव्वा पान. हातानं काम करणारा मुलगा म्हणजे हुकलेला मुलगा, हे तुम्ही कुठे उघडपणे लिहिलेलं नाही, पण ओळीओळीत तेच आहे. भंगारात गेलेली वस्तू त्याच्या आयुष्यातली पहिली पुरी झालेली वस्तू असेल. ती फेकून तुम्ही त्याला अभ्यासाकडे वळवलं नाही. आपण काय करतो ते घरी दाखवायचं नाही, एवढंच शिकवलं. याबद्दल त्याची माफी मागा. वडिलांनी माफी मागितल्यानं काही बिघडत नाही.

आता थ्रीडी प्रिंटिंग. जुना भाग स्कॅन केला, फाइल छापली की झालं काम, हा समज फार पसरलेला आहे. स्कॅनर हातात दिलेल्या वस्तूचा आकार घेतो, आणि हातात येते ती सत्तर वर्षं घासलेली, तापून वाकलेली वस्तू. सिलिंडर हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा तळ दुरुस्तीत थोडाथोडा घासून सपाट करतात. स्कॅनमध्ये ते हेड तितकंच बुटकं येणार. शाफ्ट 50.74 मिलिमीटर भरला आणि तोच आकडा ड्रॉइंगवर टाकला, तर तुम्ही झिजलेला शाफ्ट नव्यानं बनवता. इंजिन ब्रिटिश आहे हे ज्याच्या लक्षात आहे तो विचारतो, मूळ माप दोन इंच, म्हणजे 50.8 असेल का? मग बेअरिंग बसत नाही अशा न झिजलेल्या जागी मायक्रोमीटर लावून खात्री करतो. आट्यांचं तर आणखी अवघड. मॉरिस या ब्रिटिश कार कंपनीनं इंजिनांचा जो कारखाना घेतला, तो आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. त्यामुळे एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मॉरिस इंजिनात आटे मेट्रिक, पण बोल्टच्या डोक्याला पाना लागतो व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचा. तिथला 8 मिलिमीटरचा आटा 1 मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). आज सर्रास मिळणारा 8 चा बोल्ट 1.25 पिचचा. सुरुवातीचा फेरा सहज जातो, मग जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि दुर्मीळ भाग कायमचा जातो. प्रिंटरनं यातलं एक काम खरोखर हलकं केलंय: वाळूचा साचा आणि कोअर (भागात पोकळी ठेवणारा आतला वाळूचा तुकडा) थेट छापता येतात, लाकडी पॅटर्न लागत नाही. पण त्या फाइलमध्येही 120 चे 121.6 कुणाला तरी करावेच लागतात.

काम संपतंय असंही नाही. बीआरएम व्ही16 ही 1950 ची ग्रां प्री कार 2021 मध्ये ब्रिटनमध्ये मूळ ड्रॉइंगवरून नव्यानं उभी राहिली. दीड लिटरमध्ये 16 सिलिंडर, म्हणजे एकेक सिलिंडर जेमतेम 93 घन सेंटीमीटरचा! तिथे निदान ड्रॉइंग तरी होती. बहुतेकांच्या हातात फक्त तुटका तुकडा असतो.

यापुढचं मुलाला वाचायला द्या.

बाळा, कॉलेज सोडण्याचा विचार चुकीचा आहे आणि यात मी तुझ्या बाजूनं नाही. थर्मोस्टॅटचं आवरण फुटलं तर पाणी सांडतं. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटला तर तो क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं आवरण, फोडून बाहेर येतो, आणि ज्या इंजिनाला वाचवायला निघालास तेच संपतं. धातू कुठला, त्याला उष्णता कशी दिली, वारंवार ताण पडून धातू थकला की तडा कुठून सुरू होईल, हे शेडमध्ये नुसतं बघून कळत नाही. शिवाय ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींना एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या 'अपेंडिक्स के'चे नियम असतात. भाग त्या काळाच्या तपशिलाशी जुळावा लागतो; अधिक चांगला सुचला म्हणून बसवता येत नाही. म्हणजे जुनी कागदपत्रं वाचण्याची सवयही हवी.

म्हणून परीक्षा पुन्हा देणं नको, कॉम्प्युटर नको आणि ऑटोमोबाइलही नको. मेटलर्जीची (धातुशास्त्राची) पदवी किंवा टूल अँड डाय मेकिंगची, म्हणजे अवजारं आणि साचे बनवण्याची, पदविका घे. प्रवेशाच्या वाटा नेहमीच्याच आहेत, 68 टक्क्यांनी त्या बंद होत नाहीत. मला विचारशील तर पदविका आधी, कारण तुझा हात चांगला आहे आणि तो आत्ताच घडायला हवा. नंतरची काही वर्षं टूलरूममध्ये किंवा फाउंड्रीत काढ. नुसत्या रेसिंग कारवर पोट भरणारे थोडेच असतात, पण बनवणारी कंपनी बंद पडलेले पंप, टर्बाइन आणि छपाईयंत्रं पुष्कळ आहेत. त्यांना हेच कौशल्य लागतं. शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी जात राहा.

आणि वडिलांना : तो पॅटर्न अजून परत मिळतो का, ते आजच बघा. नाही मिळाला तर तसंच लाकूड आणून द्या. मग त्याला विचारा, फ्लॅन्जवर तीनच मिलिमीटर का ठेवले, आणि ओतताना धातू कुठल्या बाजूनं आत सोडणार होतास. तो बोलायला लागला की मध्ये परीक्षेचा विषय काढू नका.