स्पॉटिंग स्कोपचं पहिलं कव्हर

ऐरोलीच्या खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) बघायला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण, नेणार, तर कव्हर घ्याच, पण आधी मापं घ्या. स्कोपवरचा ६५ हा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नळी त्याहून जाड असते, म्हणून टेपने तिचा बाहेरचा घेर मोजा. नवखे इथेच चुकतात.

घेताना एवढं बघा:
- आयपीस (डोळा लावायचं टोक) सरळ आहे की तिरका? दोन्हींची कव्हरं वेगळी.
- स्कोप ट्रायपॉडवर बसवायच्या पायाला आणि फोकसच्या चाकाला जागा मोकळी हवी.
- दोन्ही टोकांची झाकणं दोरीने जोडलेली असावीत. सुटी झाकणं चिखलात गेली की गेलीच.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ओल्या स्कोपवर कव्हर तसंच ठेवणं. कव्हरचं निओप्रीन (रबरी कापड) ओल धरून ठेवतं आणि आपल्या दमट हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घरी आल्यावर कव्हर काढा, दोन्ही सुकू द्या, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

भिंगावर मिठाचे कण असतील तर आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा, कापड नंतर. कोरडं घासलंत तर भिंगावरच्या पातळ थरावर (कोटिंगवर) चरे पडतील.

कॅमोफ्लाज (झाडाझुडपांत मिसळणाऱ्या) रंगाचा विचार आत्ता नको.