कॅमेरा तपासता येतो, चुंबक तपासून काय साधणार?

प्रश्न : सोलापुरात माझे सीसीटीव्ही कॅमेरे विकण्याचे आणि बसवून देण्याचे छोटे दुकान आहे. एप्रिल २०२५ मध्ये कॅमेऱ्यांच्या सक्तीच्या तपासणीचा नवा नियम लागू झाल्यापासून मी वर्षानुवर्षे घेत असलेला स्वस्त माल येईनासा झाला आणि जो येतो तो महाग पडतो. हा नियम खरोखर सुरक्षेसाठी आहे, की देशी कंपन्यांना बाजार मोकळा करून देण्यासाठी? गिऱ्हाइकाला मी काय सांगू?
– एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. सरकार जेव्हा ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारते, तेव्हा तो नेमक्या कोणत्या धोक्याविषयी आहे हे विचारण्याचा अधिकार ज्याच्या गल्ल्यावर परिणाम होतो त्याला आहेच.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत हा धोका बराचसा स्पष्ट आहे. सरकारी संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे १० लाख कॅमेरे असून त्यांतील चित्रण परदेशातील सर्व्हरवर जाण्याची शक्यता असते, असे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री आणि अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी २०२१ मध्ये संसदेत सांगितले होते. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रे) ताब्यात घेतले व त्यांच्या जोरावर अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. तिने वापरलेली युक्ती अगदी साधी होती : कारखान्यातून येतानाच घातलेला आणि मालकाने कधीही न बदललेला पासवर्ड. दुकानाच्या दारावर बसवलेला कॅमेरा मालकाच्या नकळत दुसऱ्याच्या हातचे हत्यार होऊ शकतो, हे तेव्हा साऱ्या जगाला दिसले.

एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे लागू झालेल्या आदेशानुसार कॅमेऱ्याचे सुटे भाग, त्यातील सॉफ्टवेअर, माहिती पाठवताना होणारे सांकेतिकीकरण आणि आत शिरण्याच्या वाटा यांची तपासणी सरकारमान्य प्रयोगशाळेत व्हावी लागते, आणि मागणी झाल्यास सॉफ्टवेअरची मूळ संहिताही दाखवावी लागते. हा नियम कोणत्याही एका देशाचे नाव घेत नाही. भारतात बनलेल्या कॅमेऱ्यालाही तो लागू आहे. ही पद्धत मला योग्य वाटते, कारण यात संशयाची जागा तपासणी घेते. अर्थात चीनमधील कंपन्यांना याचा फटका सर्वाधिक बसतो आणि देशी उत्पादकांचा त्यात लाभ होतो, हेही खरे. पण लाभ कोणाला होतो एवढ्यावरून नियम खोटा ठरत नाही. तपासणी प्रामाणिकपणे आणि वेळेत होते की नाही, यावरून तो पारखावा. प्रयोगशाळांची क्षमता अपुरी असल्याची आणि प्रमाणपत्राला फार वेळ लागत असल्याची तक्रार उद्योगाकडून झाली आहे. नियम करणाऱ्याने आधी प्रयोगशाळा वाढवायला हव्या होत्या, कारण त्या विलंबाचे ओझे शेवटी तुमच्यासारख्या दुकानदारावर येते.

याच्या शेजारी लॅपटॉपचे उदाहरण ठेवून पाहा. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने लॅपटॉप, टॅबलेट आणि सर्व्हर यांच्या आयातीला परवाना सक्तीचा केला, तोही तत्काळ. आणि दुसऱ्याच दिवशी ही सक्ती १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. ऑक्टोबरमध्ये तिचे रूपांतर ऑनलाइन नोंदणी करून मिळणाऱ्या आयात-मंजुरीत झाले. कारण सुरक्षेचे सांगितले गेले, देशात उत्पादन वाढवण्याचा हेतूही उघड होता, पण लॅपटॉपमधील कोणता दोष तपासायचा हे मात्र कोठेच म्हटलेले नव्हते. यामागे एक जुनी अडचण आहे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकावर आयातशुल्क न लावण्याचे बंधन त्याने पत्करले. शुल्काची वाट बंद असल्यामुळे परवान्याची वाट शोधली गेली. उद्योगवाढीचा हेतू मुळीच लाजिरवाणा नाही. तो उद्योगवाढीच्याच नावाने मांडला असता, तर व्यापाऱ्यांना तयारीला वेळ देणेही सोपे गेले असते.

गिऱ्हाइकाला आपण एवढेच सांगावे : प्रमाणपत्र असलेला कॅमेरा घ्या, आणि तो बसवल्याच्या दिवशीच पासवर्ड बदला. पासवर्ड बदलून देण्याचे काम आपणच करावे, अशी माझी विनंती आहे. प्रमाणपत्राने ते काम होत नाही.

प्रश्न : सुरक्षेचे कारण पुढे केले की कोणताही देश कोणताही व्यापार थांबवू शकतो का? मग जागतिक व्यापार संघटनेचे नियम कशासाठी?
– एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : गॅट या जागतिक व्यापार संघटनेच्या वस्तू-व्यापाराविषयीच्या कराराच्या २१व्या कलमात सुरक्षेसाठी सवलत आहे, परंतु ती अमर्याद नाही. युक्रेनचा माल आपल्या भूमीतून पुढे जाऊ न देणाऱ्या रशियाच्या खटल्यात २०१९ मध्ये संघटनेच्या निवाडा समितीने प्रथमच स्पष्ट केले की ही सवलत लागू होते की नाही हे पाहण्याचा अधिकार समितीला आहे. मात्र त्या प्रसंगी रशियाची बाजू तिने मान्य केली. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनिअमवर सुरक्षेच्या नावाखाली लावलेले शुल्क समितीने डिसेंबर २०२२ मध्ये नियमबाह्य ठरवले. आमची सुरक्षा आम्हीच ठरवू, असे म्हणून अमेरिकेने तो निवाडा नाकारला. अपील ऐकणारे मंडळ सदस्यांअभावी डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, त्यामुळे अपील दाखल केले की निवाडा तसाच लटकून राहतो. नियम आहे, तो वाचणारे न्यायपीठही आहे; अंमलबजावणीची कडी तुटलेली आहे.

प्रश्न : चिंचवडला माझे मोटारींच्या सुट्या भागांचे वर्कशॉप आहे. चीनने चुंबके रोखल्यामुळे आमच्या ऑर्डरी लांबल्या. आपल्या सरकारने हे आधी ओळखायला नको होते का?
– एक लघुउद्योजक, चिंचवड

उत्तर : ओळखायला हवे होते. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्ये (रेअर अर्थ) आणि त्यांच्यापासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. अशा चुंबकांचे जगातील सुमारे ९० टक्के उत्पादन त्या देशात होते, आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकीची मोटर त्यांच्यावाचून अडते. पुण्याच्या बजाज ऑटोलाही उत्पादन घटण्याचा इशारा जाहीरपणे द्यावा लागला.

हा धोका कॅमेऱ्याच्या धोक्याहून वेगळ्या जातीचा आहे. चुंबकात हेर बसलेला नसतो, म्हणून ते प्रयोगशाळेत तपासून काही हाती लागणार नाही, आणि आयात बंद केली तर नुकसान आपलेच. परावलंबनावर उपाय एकच, तो म्हणजे दुसरा पुरवठा उभा करणे; आणि त्याला वर्षे लागतात. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत दुर्मीळ मूलद्रव्ये आहेत. परंतु ती वेगळी करणे, त्यांचा धातू काढणे आणि त्यापासून चुंबक घडवणे हे टप्पे आपण मोठ्या प्रमाणावर कधी उभारलेच नाहीत, कारण तयार चुंबक स्वस्तात मिळत होते.

आपल्याच शहराजवळचा एक अनुभव येथे उपयोगी पडेल. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तसा महासंगणक देण्याचे नाकारले; तो अण्वस्त्रांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या कामी लागेल अशी तिला भीती होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक-संशोधन केंद्र स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यातील प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सगळेच घरी करण्याचा हट्ट कोणी धरला नाही. वाट कोठे अडवली आहे ते पाहून तेवढाच दुवा स्वतः घडवला. चुंबकांच्या बाबतीत तो दुवा म्हणजे शुद्धीकरण आणि चुंबकनिर्मिती, आणि सरकारने आपला पैसा प्रथम तेथेच लावावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्यापुरते म्हणाल, तर चीनच्या परवान्यासाठी चुंबकांचा वापर लष्करी कामासाठी होणार नाही असे अंतिम वापरकर्त्याकडून लेखी घेतले जाते. आपण ज्या कंपनीला माल देता तिने हे कागद भरले आहेत का, हे ऑर्डर स्वीकारण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि पुरवठा लांबल्यास दंड कोणी सोसायचा हे करारात लिहून ठेवावे. मोटर थोडी जड असली तरी चालत असेल अशा ठिकाणी फेराइट (दुर्मीळ मूलद्रव्यांविना बनणाऱ्या) चुंबकाची मोटर बसते का, हेही त्यांच्या अभियंत्यांशी एकदा बोलून पाहावे.